सोळाशे मीटर आणि मनगटावरचं घड्याळ

भरतीची तयारी करणारी मुलं बीड जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. आष्टी, पाटोदा, केज, गेवराई, कुठल्याही गावाबाहेर पहाटे पाचला जा, रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी भेटतील. गेल्या काही वर्षांत त्यांच्या मनगटांवर दीड-दोन हजारांची स्मार्टवॉच आली. आता त्या घड्याळांच्या काचांवर ओरखडे पडलेत, पट्टे सैल झालेत आणि घरात विषय निघतो आहे: नवं मॉडेल आलंय, घेऊ का? आई-बाप कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जाणारे असतील, तर तीन-चार हजार रुपये ही त्या घरात किरकोळ रक्कम नसते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीवर सोडू नये.

माझं मत असं की, जुनं घड्याळ जे मोजूच शकत नाही ते नवं मोजणार असेल, आणि त्या मोजण्याचा आपल्याला रोज उपयोग असेल, तरच पैसे घालावेत. मोठा स्क्रीन, शंभर जास्त वॉचफेस, घड्याळावरून कॉल ही नवं घेण्याची कारणं नव्हेत. भरतीच्या पोरासाठी मोजण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे अंतर.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पूर्ण २० गुण मिळतात. त्यापुढे साडेपाच मिनिटांपर्यंत १८. म्हणजे वीस सेकंदांचा एक टप्पा दोन गुणांचा आहे, आणि मेरिट कुठे थांबतं हे ज्यांनी यादी पाहिली आहे त्यांना दोन गुणांची किंमत सांगावी लागत नाही.

वीस सेकंद कमी करायला काय लागतं, हे याच जिल्ह्यातल्या माणसाने दाखवलं आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी जायचा. पुढे लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती ८ मिनिटं ९.९१ सेकंद. मधल्या सहा वर्षांत वीस सेकंद कमी झाले. अंतर जास्त, पातळी वेगळी, पण पळणाऱ्याला सेकंद कसा कमवावा लागतो ते यातून कळतं. तो सेकंद कमावला की नाही हे कळायला आधी अंतर बिनचूक असावं लागतं, आणि स्वस्त घड्याळ फसवतं ते इथेच.

या किमतीच्या बहुतेक घड्याळांत स्वतःचं जीपीएस नसतं. फोन खिशात असेल तर ते फोनचं जीपीएस वापरतं. फोन घरी असेल तर पावलं मोजतं आणि प्रत्येक पावलाची लांबी अंदाजाने धरून गुणाकार करतं. हा अंदाज आपण ॲपमध्ये भरलेल्या उंचीवरून काढलेला असतो. पण चालतानाचं पाऊल वेगळं, जोरात पळतानाचं वेगळं, आणि शेवटच्या राऊंडला पाय जड झाल्यावरचं आणखी वेगळं. या अंदाजात फक्त पाच टक्क्यांची चूक झाली तरी १६०० मीटरमध्ये ८० मीटर जातात. घड्याळ सांगतं, ५ मिनिटं १० सेकंद, झालं तुझं १६००. प्रत्यक्षात पोरगा १५२० मीटरच पळालेला असतो. त्याच वेगाने खरे १६०० मीटर पळायला त्याला ५ मिनिटं २६ सेकंद लागतील. महिनोन्‌महिने तो वीस गुणांच्या भरवशावर राहतो आणि मैदानात अठरा हातात पडतात.

म्हणून स्वतःचं जीपीएस ही नवं घड्याळ घेण्याची रास्त गरज असू शकते. मात्र खोक्यावर नुसतं जीपीएस लिहिलेलं पाहून पैसे देऊ नयेत. ते बिल्ट-इन आहे की कनेक्टेड, हे विचारावं. २०२२ साली आलेली अमेझफिटची बिप ३ आणि बिप ३ प्रो ही घड्याळं दिसायला जवळपास सारखी होती. प्रोमध्ये स्वतःचं जीपीएस होतं, साध्या बिप ३ मध्ये नव्हतं. दुकानदार ठाम सांगत असला तरी एक करावं: फोन काउंटरवर ठेवून घड्याळ घेऊन बाहेर उघड्यावर यावं आणि धावण्याचा मोड लावावा. उपग्रह पकडायला पहिल्यांदा एक-दोन मिनिटं लागू शकतात. फोनशिवाय नकाशावर वाट उमटली तर जीपीएस खरं. रोज पळतानाही सिग्नल मिळेपर्यंत थांबूनच सुरुवात करावी, नाहीतर पहिले काही मीटर हिशेबातून निसटतात.

तरीही ज्या मुलाला ४०० मीटरचं आखलेलं मैदान मिळतं, त्याने जीपीएससाठी एक रुपयाही घालू नये असं मला वाटतं. घड्याळातलं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे होतंच, आणि गोल वळणांवर ते कोपरे कापतं. मैदानावरचे चार राऊंड आणि जुन्या घड्याळातलं साधं स्टॉपवॉच त्याहून खरं बोलतात. फक्त आतल्या पहिल्या लेनमधून पळावं. दुसऱ्या लेनमधून पळालं तर एका राऊंडला सुमारे सात मीटर वाढतात, चार राऊंडला अठ्ठावीस, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त. मैदान नाही, पण गावाचा रस्ता सरळ आहे, तिथे गवंड्याकडची तीस मीटरची टेप घेऊन दोघांनी एकदा ८०० मीटर मोजावं आणि दोन्ही टोकांना चुन्याची खूण करावी. गेलं-आलं की सोळाशे. माघारी वळताना एक-दोन सेकंद जातात, तेवढे ध्यानात ठेवावेत. जीपीएसचा खरा उपयोग होतो तो रोज वेगळ्या वाटेने पाच-सात किलोमीटर पळणाऱ्याला, धारूरच्या घाटाकडे चढ-उतार मारणाऱ्याला आणि फोन सोबत न नेणाऱ्याला.

आणि ज्याच्या घड्याळात हे आधीच आहे, त्याने पुढच्या मॉडेलचा मोह आवरावा. २०२३ चं बिप ५ आणि २०२५ चं बिप ६ शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत जीपीएस आहे. नव्यात ॲमोलेड पडदा आहे, बॅटरी थोडी मोठी आहे आणि पाण्यापासून संरक्षण वाढलं आहे. पण १६०० मीटरच्या टायमिंगसाठी त्यातलं काहीच लागत नाही. २०२५ मध्ये नव्याची किंमत आठ हजारांच्या घरात होती. तेवढ्यात पळण्याचे चांगले बूट येतात आणि खुराकालाही पैसे उरतात. ग्राहकांनी हे ओळखलेलं दिसतं. आयडीसी या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मते २०२४ मध्ये भारतात दुकानांपर्यंत गेलेल्या स्मार्टवॉचची संख्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटली. जुनं टाकून घ्यावं असं नव्यात फारसं काही नव्हतं, हे त्याचं एक कारण.

नाडीच्या ठोक्यांचं वेगळं. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा उजेड कातडीखालच्या रक्ताच्या लाटा टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. बसलेलं असताना स्वस्त घड्याळही हे बरं करतं. जोरात पळताना मात्र हात हलतो, आणि कधी कधी घड्याळ पावलांचा ताल हाच ठोक्यांचा ताल समजतं. अशा वेळी नवं घड्याळ घेण्याआधी पट्टा आवळून, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधून पाहावं. पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या मोठ्या माणसांची. नव्या मॉडेलवर बीपी दिसतं, ऑक्सिजन दिसतो, काहींवर साखरही दिसते, म्हणून मुलगा ते आईसाठी घेतो. साखरेबद्दल तर एकदम स्पष्ट सांगायला हवं. सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे, कारण अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. त्या आकड्यावर विसंबून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतू शकतं. स्वस्त घड्याळातलं बीपी हाही नाडीवरून बांधलेला अंदाज असतो; दंडाला पट्टा बांधून मोजलेलं तेच खरं. आणि आपल्याकडच्या किती तरी आज्यांच्या मनगटावर गोंदण असतं. गोंदणाची शाई तो हिरवा उजेड अडवते, त्यामुळे तिथे ठोक्यांचा आकडाच चुकू शकतो किंवा उमटतच नाही. तिशीपुढच्या माणसांचं बीपी आणि साखर आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आईला घड्याळाआधी तिकडे न्यावं, आणि काही निघालंच तर अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

बाकीचं थोडक्यात. चार्जिंग टिकत नाही म्हणून घड्याळ बदलणार असाल तर आधी घड्याळावरचं कॉलिंग आणि सतत चालू राहणारा पडदा बंद करून आठवडाभर पाहा. बॅटरी संपवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. मे महिन्यात तापलेल्या गाडीत किंवा उन्हातल्या खिडकीत ते चार्जिंगला लावू नका. विहिरीत पोहणाऱ्यांनी आयपी ६८ या शिक्क्यावर भरवसा ठेवू नये, ती चाचणी स्थिर पाण्यातली असते. पोहायचं असेल तर ५ एटीएम लिहिलेलं पाहावं. फोन बदलल्यावर जुन्या घड्याळाचं ॲप चालेनासं झालं असेल, तर मात्र नवं घेण्याचं कारण खरं आहे.

घ्यायचं ठरलंच तर पक्कं बिल मागा, त्यावर घड्याळाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि दुरुस्तीची सोय बीडला आहे की छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल, ते आधीच विचारा. वॉरंटीत असताना टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.