रेझिनच्या मालाला रंग देताना
वजन, कोरडेपणा आणि हवा सांभाळा

इपॉक्सी रेझिनच्या वस्तूंना अलीकडे चांगली मागणी आहे. नावाच्या पाट्या, घड्याळे, ट्रे, किल्ल्यांचे जोड आणि सुलेखनाच्या तसबिरी घरच्या घरी तयार होतात. पाचगणीसारख्या पर्यटनाच्या गावी अशा लहान, टिकाऊ वस्तूंना गिऱ्हाईक मिळू शकते. मात्र हे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याला परतते. महिन्याभरात वस्तू चिकट झाली किंवा रंग उडाला तर ते तक्रार घेऊन येत नाही. पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही, इतकेच. म्हणून रंगाचे काम नीट समजून घेणे आवश्यक आहे.

इपॉक्सी ही वस्तू जुनीच आहे. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ साली ‘अरल्डाइट’ या नावाने ती बाजारात आणली. रेझिन आणि हार्डनर यांचा रासायनिक संयोग होऊन ती घट्ट होते. ती रंगासारखी वाळत नाही. या संयोगात अडथळा आणणारा कोणताही पदार्थ मिसळला की माल बिघडतो.

कोणता रंग घ्यावा?

पोस्टर कलर, खाण्याचे रंग आणि भिंतीचा पाण्याचा रंग टाळावा. त्यातील पाण्यामुळे माल धुरकट होतो किंवा मऊ राहतो. ऑइल पेंटमुळेही तो नीट घट्ट होत नाही. वापरण्याजोगे प्रकार मुख्यतः चार आहेत.

१. रेझिनसाठी तयार केलेली रंगाची पेस्ट. नवशिक्याने हीच घ्यावी. ती सहज मिसळते व गुठळ्या होत नाहीत.

२. कोरडी पूड. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, काळ्यासाठी कार्बन ब्लॅक, तांबड्या-पिवळ्यासाठी लोहाचे ऑक्साइड. आपला गेरू आणि पिवडी याच जातीचे. हे रंग उन्हात टिकतात. पूड पूर्ण कोरडी आणि बारीक असावी.

३. अभ्रकाची चमकदार पूड, म्हणजे मायका पावडर. सोनेरी-रुपेरी झाक यातून येते. पातळ रेझिनमध्ये ती तळाशी बसते, म्हणून मिश्रण थोडे दाट होऊ लागल्यावर ओतावे.

४. पारदर्शक द्रवरंग. काचेसारखा सुंदर दिसतो, पण यातले अनेक रंग उन्हात फिकट होतात. दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवायच्या मालासाठी तो टाळावा.

शिसे असलेले पिवळे व नारिंगी रंग विषारी असतात. स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

प्रमाण आणि पद्धत

रंग एकूण मिश्रणाच्या वजनाच्या २ ते ५ टक्के पुरतो. समजा, कंपनीने वजनाने २ भाग रेझिनला १ भाग हार्डनर सांगितला आहे. २०० ग्रॅम रेझिन आणि १०० ग्रॅम हार्डनर मिळून ३०० ग्रॅम झाले. त्याला ६ ते १५ ग्रॅम रंग पुरे. रंग गडद हवा म्हणून भरमसाट घालू नये; माल ठिसूळ किंवा मऊ होतो. डब्यावरील प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे आधी वाचावे. दोन्ही एक नव्हेत.

पूड असेल तर ती थोड्याशा रेझिनमध्ये काचेवर पातीने घोटून घ्यावी. मग उरलेल्या रेझिनमध्ये मिसळावी आणि हार्डनर शेवटी घालावा. भांड्याच्या कडा व तळ खरवडत तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे. रंग जुळवताना फिक्या रंगात गडद रंग काडीच्या टोकाने घालावा. उलट केल्यास रंग वाया जातो. आधी थोडा नमुना ओतून दुसऱ्या दिवशी पाहावा. जाड थरात रंग गडद दिसतो, पातळ थरात फिका.

पाचगणीची हवा

पावसाळ्यातील दमट हवेत हार्डनरचा ओलावा व कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन वर मेणचट, पांढुरकी साय येते. काळ्या-निळ्या मालावर ती लगेच उठून दिसते. दारे-खिडक्या लावलेल्या, उबदार आणि कोरड्या खोलीत माल घट्ट होऊ द्यावा. साय आलीच तर कोमट साबणपाण्याने पुसून, वाळवून, हलका पॉलिश कागद मारून मगच दुसरा थर द्यावा.

हिवाळ्यातील गारठ्याने रेझिन दाट होते. रंगाच्या गुठळ्या व बुडबुडे राहतात. बंद बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी. घाटाखाली वाईला जमलेला हिशेब येथे तसाच लागू पडेल असे नाही.

अंग आणि गिऱ्हाईक

हार्डनरमुळे त्वचेला कायमची अॅलर्जी होऊ शकते. हातमोजे घालावेत, पुडीसाठी तोंडाला मास्क लावावा, ढवळताना व ओतताना हवा खेळती ठेवावी. हाताला लागल्यास थिनर नव्हे, साबणपाणी वापरावे.

प्रत्येक घाण्याची तारीख, वजने आणि त्या दिवशीची हवा वहीत लिहावी. तोच रंग पुन्हा मागितला तर ही वहीच कामी येते. गरम भांडे ठेवू नये, उन्हात पांढरा रंग पिवळसर पडतो, या गोष्टी विकतानाच सांगाव्यात. असे सांगणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते, आणि पुढच्या सीझनला तेच चार जणांना घेऊन येते.