सैगा आणि घटसर्प

घटसर्प हा शब्द खेड्यातून आलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी गाईम्हशींना गाठणारा हा रोग. अंगात ताप फणफणतो, गळ्याला सूज येते, श्वासाची घरघर सुरू होते आणि एकदोन दिवसांत दावणीचे जनावर आडवे होते. म्हणूनच मृग लागण्याआधी लस टोचून घेण्याची रीत आहे. परंतु हाच रोग येथून हजारो मैलांवर, कझाकस्तानच्या गवताळ मैदानात, एका वन्य प्राण्याच्या मुळावर आला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या प्राण्याचे नाव सैगा.

सैगा आकाराने साधारण शेळीएवढा. आपण त्याला सोयीसाठी हरीण म्हणू. पण तो कुरंग कुळातला, म्हणजे आपल्या काळविटाचा दूरचा भाऊबंद. शिंगे फक्त नराला, आणि तीही सांबराप्रमाणे गळून पडत नाहीत. त्याचे नाक पाहिले की प्रथम हसू येते. तोंडावर लोंबणारी आखूड सोंडच जणू! परंतु निसर्गाने ते मोठ्या हिशेबाने घडविले आहे. उन्हाळ्यात कळप धावू लागला की उडणारी धूळ हे नाक गाळून घेते आणि हिवाळ्यात गोठविणारी हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी ऊबदार करते. कझाकस्तान, रशियातील काल्मिकिया, उझबेकिस्तान आणि मंगोलिया येथील माळराने हे त्याचे घर. हिमयुगात मॅमथांच्या काळी हिंडणारा हा प्राणी. मॅमथ गेले, सैगा राहिला.

त्याच्यावर पहिले संकट आणले ते माणसाने. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. सामूहिक शेते बंद पडली, खेड्यांतला रोजगार गेला. चिनी औषधांसाठी सैगाच्या शिंगांना भाव होता, तेव्हा उपाशी हातांनी बंदुका उचलल्या. एके काळी दहा लाखांच्या घरात असलेली संख्या दहापंधरा वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास आली. मारले गेले ते मुख्यतः नर. काल्मिकियात तर नर इतके थोडे उरले की पुष्कळ माद्या गाभण राहीनाशा झाल्या. २००२ साली सैगाची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

पुढे संरक्षणाने संख्या सावरू लागली, तोच २०१५ चा मे महिना उजाडला. मे हा सैगाच्या विण्याचा काळ. हजारो माद्या एका जागी जमतात आणि आठवडाभरात बहुतेक साऱ्या वितात. मध्य कझाकस्तानातील बेतपाक-दाला भागात अशा जमलेल्या माद्या पटापट कोसळू लागल्या. आधी आया गेल्या, मागोमाग पिल्ले गेली. सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा मेले. जगातील निम्म्याहून अधिक सैगा एका महिन्यात नाहीसे झाले! ज्या कळपात रोग शिरला, त्यात एकही जनावर वाचले नाही.

शवविच्छेदनात जो जंतू सापडला, तो पाश्चुरेला मल्टोसिडा. आपल्याकडे घटसर्प होतो तो याच जातीच्या जंतूने. नवलाची गोष्ट अशी की, निरोगी सैगाच्या शरीरातही तो निमूटपणे राहत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. मग तो एकाएकी का चवताळला? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, मरतुकीच्या आधीचे काही दिवस नेहमीपेक्षा अधिक उबदार आणि दमट होते. १९८१ आणि १९८८ च्या मरतुकींच्या वेळीही हवा अशीच होती. दमट हवेचा आणि घटसर्पाचा हा संबंध आपल्या शेतकऱ्याला नवा नाही.

म्हशीला लस टोचता येते. माळावर मोकाट हिंडणाऱ्या लाखो सैगांना कोण टोचणार? तेथे एकच उपाय उरतो. कळप इतके मोठे आणि इतके विखुरलेले असावेत की एका मरतुकीने वंश बुडू नये. मंगोलियाची गोष्ट थोडी वेगळी. तेथे २०१६-१७ मध्ये पाळीव शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग सैगांना लागला आणि निम्म्याहून अधिक सैगा दगावले. अशा ठिकाणी गोठ्यातल्या शेळीला दिलेली लस रानातल्या सैगालाही वाचवू शकते.

सुदैवाने सैगाला निसर्गाने एक वर दिला आहे. मादी वर्षाची होण्याआधीच गाभण राहू शकते आणि पुष्कळदा तिला जुळे होते. २००५ पासून 'अल्तिन दाला', म्हणजे सोनेरी माळ, या नावाच्या योजनेतून राखीव क्षेत्रे आणि वनरक्षकांची गस्त यांवर भर देण्यात आला. कझाकस्तानातील संख्या २०२३ साली १९ लाखांवर आणि २०२४ साली २८ लाखांवर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये सैगाला अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून काढून 'संकटसमीप' वर्गात ठेवण्यात आले.

आता तेथील शेतकरी म्हणतात की, सैगांचे कळप आमचे गवत आणि पीक फस्त करतात. त्यांची संख्या मर्यादित ठेवावी की नाही, यावर वाद झाला. मी शेतकऱ्याच्या घरातला, कॉलेजची पायरी चढणारा घरातील पहिलाच. माझी फी म्हशीच्या दुधावर भरली जाते. उभ्या पिकात शिरलेले जनावर काय करते, हे मला कोणी सांगायला नको. त्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे. परंतु २८ लाख ही संख्या पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी २०१५ चा मे महिना विसरू नये. गाठीला जनावरे पुष्कळ आहेत म्हणून कोणी लस टाळत नाही. सैगाच्या बाबतीत ती मोठी संख्या हीच लस आहे.