फाल्गुनातील हवा आणि अंदाजाचा अर्थ

होळी जळाली, थंडी पळाली, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु महाराष्ट्राच्या पठारावरील निसर्ग ती दरवर्षी पाळतोच असे नाही. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलच्या प्रारंभापर्यंतचा काळ हा दोन ऋतूंच्या सीमेवरचा काळ होय. दुपारी पारा ३५ अंशांकडे झुकतो आणि त्याच गावी पहाटे पांघरूण ओढून घ्यावे लागते. मध्येच एखाद्या सायंकाळी आभाळ भरून येते, विजा कडाडतात आणि गारांचा सडा पडतो. 'रात्री थंड, तुरळक ठिकाणी वादळी पावसाची शक्यता' हे वाक्य आपण या दिवसांत नित्य वाचतो. त्याचा अर्थ मात्र क्वचितच लावतो.

थंड रात्रींचे कारण तसे साधे आहे. या दिवसांत हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने आकाशात सोडते आणि ती अडवून धरण्यास ढग किंवा पुरेशी वाफ नसते. येथे पुण्याच्या वेधशाळेतील एका संशोधनाचे स्मरण होते. डॉ. एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये असे दाखवून दिले, की निरभ्र व निवांत रात्री सर्वात थंड हवा प्रत्यक्ष जमिनीलगत नसून तिच्या थोडी वर, वीतभर ते हातभर उंचीवर असते. वेधशाळेचा तापमापक मात्र सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीत असतो. म्हणजे छापून आलेला किमान तापमानाचा आकडा आणि हरभऱ्याच्या रोपाने सोसलेली थंडी या एकच गोष्टी नव्हेत.

वादळांचे मूळ दूरवर आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघणारे पश्चिमी विक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. त्यांचा प्रभाव कधी दक्षिणेकडे उतरतो. अशा वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे आले, खाली जमीन तापलेली आणि वर थंड कोरडी हवा असली, की मेघ उंच चढतात व त्यांत गारा तयार होतात. विक्षोभ पुढे सरकला की आकाश पुन्हा स्वच्छ होते, उत्तरेचे वारे वाहू लागतात आणि रात्र गारठते. म्हणून वादळ आणि थंडी या परस्परविरोधी वार्ता नव्हेत.

आता अंदाजाच्या भाषेकडे वळू. 'तुरळक ठिकाणी' हा ढोबळ शब्दप्रयोग नाही. त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, असा त्याचा निश्चित अर्थ आहे. चार गावांपैकी तीन कोरडी राहिली म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. तीच गोष्ट थंडीच्या लाटेची. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असल्याखेरीज ती सामान्यतः जाहीर होत नाही. मार्चमध्ये लाट जाहीर झाली नाही, एवढ्यावरून पिकाला गारठा बाधणार नाही असे समजणे धोक्याचे. मार्च ते मे या हंगामाचा अंदाजही सरासरीविषयी आणि शक्यतेच्या भाषेत बोलतो. सरासरीने उष्ण ठरलेल्या हंगामातही चार थंड रात्री आणि एक विध्वंसक सायंकाळ सहज सामावते.

आणि शेतकऱ्याचे वर्ष त्या एका सायंकाळी बुडते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे यांची अपरिमित हानी केली. तो काळच असा असतो, की गहू कापणीला आलेला, हरभरा खळ्यावर पडलेला आणि नाशिककडील द्राक्षांचे घड उतरवणीला आलेले असतात. शासकीय मदतीसाठी नुकसानीची मर्यादा २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु मदत ही हानीनंतरची गोष्ट. पूर्वसूचना ही आधीची.

गारांपासून द्राक्षबाग ऐन वेळी वाचविता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. जाळीचे आच्छादन आधीच घालावे लागते आणि त्याचा खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही. तथापि कापलेले पीक झाकणे, मळणी उरकणे, जनावरे निवाऱ्याला आणणे, विजा होत असता झाडाखाली उभे न राहणे, एवढे तर काही तासांच्या सूचनेवरही साधते. रडार आणि उपग्रह यांच्या साहाय्याने अशी सूचना आज देता येते. ती भ्रमणध्वनीवरही येते. उणीव आहे ती तिचा अर्थ समजण्याची.

येथे शिक्षक, ग्रामपंचायतीचा लेखनिक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचे काम सुरू होते. शाळेच्या फळ्यावर सुविचारासोबत दिवसाचा अंदाज लिहावा, नारिंगी इशाऱ्याचा अर्थ सज्ज राहणे असा आहे हे मुलांना सांगावे, शाळेत पर्जन्यमापक ठेवून गावची नोंद गावानेच करावी. यास मोठा निधी लागत नाही. अंदाज हे भविष्यकथन नव्हे. ती शक्यतेची मोजणी आहे. ती वाचता येणारे एक माणूस प्रत्येक वाडीवर असले, तर पुढच्या फाल्गुनात निदान खळ्यावरचे धान्य तरी उघड्यावर भिजणार नाही.