उतारवयातील मुखशस्त्रक्रिया

वृद्धापकाळी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करविणे म्हणजे नटवेपणा, असा समज आहे. आमच्या धर्मग्रामातील एका सत्तरीच्या भगिनीच्या पापण्यांची सैल कातडी डोळ्यांवर उतरली होती. वाचताना ती बोटाने पापणी उचलून धरी. लोकनिंदेच्या भयाने तिने आम्हांस विचारले, "फादर, हे पाप तर नव्हे?"

पोप बारावे पायस ह्यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी इटलीतील शस्त्रवैद्यांपुढे सांगितले होते की, अशी शस्त्रक्रिया मूलतः निषिद्ध नाही. हेतू व धोका पारखावा. मोहात पाडण्यासाठी किंवा अपराध्यास लपविण्यासाठी ती करणे मात्र अनुचित.

भगिनीने शस्त्रक्रिया करविली. जागा बधिर करून जादा कातडी काढली. आठवड्याने टाके निघाले, सूज मागाहून ओसरली. गालांवरील सुरकुत्या तशाच राहिल्या, दृष्टी मोकळी झाली. वाचकहो, सुरकुत्यांची लाज नसावी. तशीच उपचाराचीही नसावी.