छेद कोणत्या खानदेशाचा?

खानदेशच्या लोकसंख्येचा डॅशबोर्ड उघडा आणि जिल्ह्यांच्या यादीत 'जळगाव' निवडा. 'खानदेशातील वाटा' या चौकोनात पुष्कळदा १०० टक्के दिसतात. सॉफ्टवेअर चुकलेलं नसतं. निवडीची चाळणी अंशाला लागते तशी छेदालाही लागते, आणि जळगावला जळगावनेच भागलं जातं.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ होती, धुळ्याची २०,५०,८६२ आणि नंदुरबारची १६,४८,२९५. बेरीज ७९,२९,०७४, म्हणजे जळगावचा वाटा सुमारे ५३.३ टक्के. वाचकाने कोणताही जिल्हा निवडला तरी ही बेरीज हलता कामा नये.

पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिके त्यासाठी 'ऑल' हे फंक्शन वापरून पूर्ण तक्त्यावरच्या चाळण्या काढतात. तक्त्यात उभा महाराष्ट्र असेल तर मग छेद राज्याचा होतो. २००१ च्या ओळीही असतील तर दोन जनगणनांची माणसं एकत्र मोजली जातात. त्यापेक्षा 'कॅल्क्युलेट' या फंक्शनमध्ये जिल्ह्याच्या रकान्यावर आपली अट घालावी: जळगाव, धुळे, नंदुरबार. त्या रकान्यावरची वाचकाची निवड आपोआप बाजूला पडते. वर्षाला हात लावायचा नाही.

तरी एक फट उरते आणि ती फार छळते. कुणी तालुक्यांच्या यादीतून 'रावेर' निवडलं, की जिल्ह्याची अट बदलूनही तालुक्याची चाळणी छेदावर तशीच राहते. रावेरचा वाटा पुन्हा १०० टक्के! म्हणून त्याच सूत्रात तालुक्याच्या रकान्यावर 'रिमूव्हफिल्टर्स' लावावं लागतं. क्लिक सेन्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सेट अ‍ॅनालिसिसमध्ये रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि पुढे रिकामी जागा ठेवली की त्या रकान्यावरची निवड सोडून दिली जाते.

इथवर तंत्र झालं. मात्र खानदेश म्हणजे कोणते जिल्हे, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. १९०६ मध्ये पूर्व खानदेश (पुढे जळगाव) आणि पश्चिम खानदेश (पुढे धुळे) वेगळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आजचे जळगाव आणि धुळे एवढेच धरले तर जळगावचा वाटा थेट ६७.३ टक्क्यांवर जातो. हिशेब दोन्ही बरोबर आहेत, पण त्यावरून निधी किंवा पदं वाटायची झाली तर फरक मोठा आहे. अशा चौकोनाखाली 'तीन जिल्हे, जनगणना २०११' एवढी ओळ तरी छापाच.