एल्फिन्स्टन : आडनाव आणि उमरावपद

मराठी इतिहासलेखनात ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ असा उल्लेख आढळला म्हणजे अभ्यासकाने क्षणभर थांबावे. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला मौंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन हा लॉर्ड कधीच नव्हता. १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर जॉन हा मात्र तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन होय. तो मौंटस्ट्युअर्टचा सख्खा पुतण्या. चुलत्यास पद नाही आणि पुतण्यास आहे, याचा उलगडा स्कॉटलंडच्या वारसापद्धतीत होतो.

घराण्याचे नाव ईस्ट लोथियन परगण्यातील एका खेड्यावरून पडले. राजा चौथा जेम्स याने १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टन यास उमरावपद दिले. तीनच वर्षांनी फ्लॉडनच्या रणांगणावर राजा व उमराव दोघेही पडले. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. तरीही पद टिकले. आपल्याकडील वतनाप्रमाणे भाऊबंदांत त्याची वाटणी होत नसे. ते अखंडपणे थोरल्या शाखेकडेच जाई. मौंटस्ट्युअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा पुत्र. साहजिकच पद थोरल्या भावाकडे, व तो १८१३ मध्ये वारल्यावर त्याच्या अल्पवयीन मुलाकडे, म्हणजे जॉनकडे गेले. धाकट्या मुलांनी कंपनीची चाकरी धरावी, हा स्कॉटिश घराण्यांचा तत्कालीन परिपाठच होता, आणि मराठी राज्याच्या इतिहासास त्याचे परिणाम भोगावे लागले.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. १७०७ च्या एकीकरणानंतर प्रत्येक स्कॉटिश उमरावास हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आसन मिळत नसे. आपल्यापैकी सोळा प्रतिनिधी ते निवडून देत. १८५९ मध्ये जॉनला युनायटेड किंग्डमची स्वतंत्र बॅरनी देण्यात आली आणि तो निवडणुकीवाचून सभासद झाला. पुढच्याच वर्षी तो अविवाहित वारला. नवी बॅरनी त्याच्या औरस पुत्रसंततीपुरतीच असल्याने लोपली. १५१० चे जुने पद मात्र चुलतभावाकडे गेले. पंधराव्या लॉर्डसाठी १८८५ मध्ये पुन्हा तशीच एक बॅरनी निर्माण करावी लागली.

मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेज हे चुलत्याच्या नावाचे. एल्फिन्स्टन सर्कल (आताचे हॉर्निमन सर्कल) आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक ही पुतण्याची स्मारके. सूचिकारांनी तरी या दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.