शनिवार दुपार ते रविवार रात्र

गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा शिखरांच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक शिखर सर झाले, ते कोणी सर केले आणि किती मंडळी परत आली नाहीत, एवढे नोंदले की इतिहासकाराचे समाधान होते. परंतु शिखरावर पोचणारा मनुष्य तेथवर आला कोठून, दोर धरावयास तो कोणापाशी शिकला आणि शिकण्यासाठी त्याला वेळ कोठून मिळाला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. इंग्लंडच्या उत्तर भागातील मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील तरुण कामगारांची लहान लहान मित्रमंडळे शनिवारी दुपारी कामावरून सुटली की कड्यांकडे निघत आणि रविवारी रात्री घरी परतत. हा दीड दिवस, जाण्यास जागा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला विश्वासाचा मित्र, एवढेच त्यांचे भांडवल होते. मात्र यांपैकी एकही गोष्ट त्यांना आयती मिळालेली नव्हती.

प्रथम वेळेचा विचार करू. लंडनमध्ये 1857 साली ‘अल्पाइन क्लब’ स्थापन झाला, त्या वेळी गिर्यारोहण हा सुखवस्तू लोकांचा छंद होता. आल्प्स पर्वतात जावयाचे तर काही आठवड्यांची रजा, प्रवासखर्च आणि वाटाड्याची मजुरी परवडली पाहिजे. वकील, प्राध्यापक, धर्मोपदेशक यांना ती परवडत असे. गिरणीकामगाराला आठवड्यातून एक रविवार मिळे आणि तोही विश्रांतीत व प्रार्थनेत संपे. 1850 सालच्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यावाचून यंत्रे चालणे कठीण असल्यामुळे पुरुषांनाही हळूहळू त्या सवलतीचा लाभ मिळाला. पुढे ही पद्धत इतर धंद्यांतही रूढ झाली. शनिवारची दुपार आणि रविवार मिळून जो सलग अवकाश निर्माण झाला, त्यातूनच सर्वसामान्य माणसाचे फुटबॉलचे सामने, सायकलींच्या सहली आणि डोंगरांतील भटकंती जन्माला आली.

दुसरा प्रश्न जागेचा. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामध्ये ‘पीक डिस्ट्रिक्ट’ नावाचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्यातील सर्वांत उंच स्थान म्हणजे किंडर स्काउटचे पठार. त्याची उंची अवघी 636 मीटर. परंतु पठारांच्या कडेला खरबरीत वालुकाश्माचे सरळ तुटलेले कडे आहेत. शेफील्डजवळचा स्टॅनेजचा कडा पाच-सहा किलोमीटर लांब असला तरी त्याची उंची वीस-पंचवीस मीटरांपलीकडे क्वचितच जाते. हिमालयाच्या मानाने हे कडे म्हणजे घराची भिंतच. तथापि कामगारांच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण असा, की ते बसच्या किंवा आगगाडीच्या स्वस्त तिकिटाच्या अंतरावर होते. त्या दगडाचा पृष्ठभाग बोटांची कातडी सोलून काढतो. पण पायाला घट्ट धरूनही ठेवतो. त्यामुळे तोल, हिंमत आणि पावलांची अचूकता शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मिळणे कठीण होते.

परंतु या शाळेचे दार बंद होते. ही पठारे खाजगी मालकीची असून तेथे शिकारीसाठी ग्राउस नावाचे पक्षी राखलेले असत. वर्षातील थोडे दिवस चालणाऱ्या शिकारीसाठी राखणदार बाकीचे दिवसही लोकांना हुसकून लावीत. रविवार, 24 एप्रिल 1932 रोजी हेफील्ड या गावातून सुमारे चारशे तरुणांचा जमाव किंडर स्काउटच्या दिशेने निघाला आणि उघडउघड बंदी मोडून वर चढला. वीस वर्षांचा बेनी रॉथमन हा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. परक्याच्या जमिनीवर केवळ पाऊल टाकणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा नसल्यामुळे दंगल आणि हल्ला यांसारखे आरोप ठेवून खटला भरण्यात आला व पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. चालण्यासाठी मिळालेली ही शिक्षा लोकांना इतकी विषम वाटली, की एरवी या मार्गाला विरोध करणाऱ्या जुन्या पदयात्री संस्थाही कैद्यांच्या बाजूने बोलू लागल्या. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांविषयीचा कायदा झाला आणि 1951 साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. खुल्या माळरानांवर पायी हिंडण्याचा सार्वत्रिक हक्क इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याने मान्य होण्यास मात्र 2000 साल उजाडावे लागले.

वेळ आणि जागा मिळाली तरी मुक्कामाला पैसा लागतो. खाणावळीत उतरणे या मंडळींना शक्य नव्हते. शेतकऱ्याचे गवताचे कोठार, मोठ्या धोंड्याखालची कपार किंवा मेणकापडाचा आडोसा एवढ्यावर त्यांची रात्र निभावत असे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोनजीक क्रेगॅलियन तलावापाशी मंदीच्या काळात एक शेकोटी प्रसिद्ध होती. गोदीतील काम सुटलेले तरुण शहरातून बाहेर पडत, त्या शेकोटीभोवती बसत, चहाचे डबडे उकळत ठेवीत आणि पुढे कोणत्या डोंगरावर जावयाचे याच्या गप्पा रंगत. क्लाइडबँक येथे 1930 साली स्थापन झालेल्या ‘क्रेग दू’ क्लबची घडण याच वातावरणात झाली. ज्याच्यापाशी काम नाही त्याला सुटीचे अप्रूप नसते, असा समज आहे. या तरुणांनी तो खोटा पाडला. सक्तीच्या रिकामपणाला त्यांनी अर्थपूर्ण अवकाशाचे रूप दिले.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे सोबती. प्रस्तरारोहणात दोन किंवा अधिक माणसे एका दोराने परस्परांशी बांधलेली असतात. आघाडीचा आरोहक प्रथम चढतो, तेव्हा दोर त्याच्या कमरेपासून खाली लोंबत असतो. खाली उभा असलेला दुसरा स्वतःला कड्याशी बांधून घेतो, दोर पाठीमागून किंवा खांद्यावरून फिरवितो आणि हळूहळू सोडीत राहतो. दुसऱ्याची पाळी आली, की वर पोचलेला पहिला दोर ओढून घेत त्याला सांभाळतो. यातील दुसऱ्याचा धोका तुलनेने कमी असतो; निसटला तरी तो दोरावर लटकतो. पहिल्याची स्थिती वेगळी. आपल्या खालच्या शेवटच्या आधारापासून तो जितका वर गेला असेल त्याच्या दुप्पट अंतर तो कोसळणार. शिवाय दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे दोर तागासारख्या वनस्पतिजन्य धाग्यांचे असत. ते भिजले की फुगत, गोठले की ताठर होत आणि जोराचा हिसका बसला तर तुटत. म्हणून आघाडीच्या आरोहकाने पडताच कामा नये, असा त्या काळचा नियम होता. युद्धानंतर नायलॉनचे दोर मिळू लागले, तेव्हा या नियमाचा धाक थोडा सैल झाला.

साधनांची उणीव मित्रमंडळे कल्पकतेने भरून काढीत. कड्याच्या भेगेत एखादा दगड अडकलेला असेल, तर त्याभोवती दोरीचा फास टाकून आधार तयार करता येतो. दगड नसला तर तो खालून खिशात घालून न्यावयाचा. 1950 नंतरच्या दशकात कोणाच्या तरी लक्षात आले, की यंत्राचा लोखंडी नट या कामाला दगडापेक्षा सोयीचा पडतो. वेल्समधील स्नोडन पर्वतावरच्या लहान आगगाडीच्या रुळांकडेला पडलेले नट आरोहक वेचू लागले. आतील आटे दोरी कापतील म्हणून ते कोरून गुळगुळीत करावयाचे आणि त्यात दोरी ओवावयाची. कारखान्यात हात बसलेल्या माणसांना हे काम अवघड नव्हते. 1961 च्या सुमारास शेफील्ड येथे अशी साधने मुद्दाम तयार होऊ लागली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या धातूच्या पाचरींचे मूळ रुळांच्या कडेच्या त्या नटांत आहे.

या काळातील सर्वांत नावाजलेले मित्रमंडळ म्हणजे मँचेस्टर येथे 1951 साली स्थापन झालेला ‘रॉक अँड आइस’ क्लब. जो ब्राउन आणि डॉन व्हिलन्स हे त्याचे प्रमुख आरोहक. ब्राउन मँचेस्टरच्या गरीब वस्तीत वाढलेला, घरदुरुस्तीची कामे करणारा. आईने टाकून दिलेली कपडे वाळत घालण्याची दोरी हा त्याचा पहिला दोर. व्हिलन्स शेजारच्या सॅलफर्डचा, नळजोडणीचे काम करणारा. त्यांची भेट झाली ती रोचेस नावाच्या कड्यावर. ब्राउनच्या मागून चढणाऱ्या सोबत्याला ती वाट जमेना, तेव्हा खाली उभ्या असलेल्या व्हिलन्सने आपण प्रयत्न करू का, असे विचारले आणि तो वर गेला. त्याच वर्षी या जोडीने वेल्समधील लॅनबेरिस खिंडीतील एक उभा कडा आळीपाळीने आघाडी घेत सर केला. नव्या वाटेला नाव देण्याचा मान ती प्रथम चढणाऱ्याकडे जातो. परतीच्या प्रवासात चेस्टर शहरात एका बसवर ‘सेमेटरी गेट्स’, म्हणजे दफनभूमीचे फाटक, अशी पाटी त्यांना दिसली आणि तेच नाव त्यांनी त्या वाटेला दिले. बसच्या पाटीवरून मिळालेले ते नाव आजही कायम आहे.

त्या नावातला विनोद पोकळ नव्हता. त्याच कड्यावरील दोन भिंतींच्या कोनात ब्राउनने काही वर्षे आधी चढण्याचा प्रयत्न केला होता. त्या वेळी त्याच्या हातून हातोडी निसटली आणि खाली दोर सांभाळणाऱ्या मित्राच्या डोक्यावर आदळली. चढाई तेथेच सोडून तो खाली उतरला. तो कोन त्याने पुरा केला तो 1952 मध्ये. दुसऱ्या एका घटनेचा शेवट याहून दुःखद आहे. पुरुषांच्या मागून न चढता स्त्रियांनी स्वतः आघाडी घ्यावी, या हेतूने 1921 साली ‘पिनॅकल क्लब’ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एमिली केली यांचे पुढच्याच वर्षी वेल्समधील ट्रायफॅन पर्वतावरील अपघातानंतर निधन झाले. क्लब मात्र बंद पडला नाही.

अपघात झाल्यावर धावून जाण्यास कोणी सरकारी यंत्रणा नव्हती. सोबतीच मदतनीस असत. 1928 मध्ये लॅडो येथील कड्यावर एक तरुण आरोहक जबर जखमी झाला. मित्रांनी जे हाती लागले त्याची डोली करून त्याला कित्येक तासांच्या वाटेने खाली आणले. वेदनाशामक औषध जवळ नव्हते. अखेर त्याचा पाय कापावा लागला. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक विल्सन हे, जे स्वतः गिर्यारोहक होते, यांचे मत असे झाले, की मूळ दुखापतीपेक्षा मॉर्फीनविना झालेल्या त्या वाहतुकीने अधिक हानी केली. त्यानंतर निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन डोंगरांसाठी योग्य स्ट्रेचरची निवड केली आणि ती जागोजागी ठेवण्याची व्यवस्था केली. हे यांनी त्या ठाण्यांवर मॉर्फीनही ठेवले. परवान्यावाचून ते दिल्याबद्दल 1949 मध्ये त्यांना दंड झाला. परंतु या खटल्यामुळे प्रश्न ऐरणीवर आला आणि बचाव पथकांना मॉर्फीन बाळगण्याची अनुमती मिळाली. ब्रिटनमधील पर्वतीय बचावकार्य आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात.

या दीड दिवसांच्या शिक्षणाचे चीज हिमालयात झाले. 1955 साली चार्ल्स एव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडी 8,586 मीटर उंचीच्या कांचनगंगेवर नेपाळच्या बाजूने गेली. तिच्यात केंब्रिज विद्यापीठात शिकलेला जॉर्ज बँड होता, तसाच मँचेस्टरचा जो ब्राउनही होता. 25 मे रोजी हे दोघे माथ्याच्या अगदी जवळ पोचले, तेव्हा समोर सुमारे सहा मीटरांचा खडा खडक आडवा आला. त्यात एक भेग होती. अशा भेगा चढण्यात ब्राउनचे सारे रविवार गेले होते. प्राणवायूची नळकांडी पाठीवर असताना तो त्या भेगेतून वर गेला आणि पलीकडे माथा थोड्याच पावलांवर दिसला. तेथे दोघेही थांबले. शिखर पवित्र मानणाऱ्या सिक्कीमच्या राजांना अगदी माथ्यावर पाऊल न ठेवण्याचे वचन मोहिमेने दिले होते. दुसऱ्या दिवशी वर गेलेल्या दोघांनीही ते पाळले. व्हिलन्सची पाळी पुढे आली. 27 मे 1970 रोजी डूगल हॅस्टनसमवेत अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरून तो शिखरावर पोचला.

असे असले तरी या मित्रमंडळांचे मूल्य केवळ त्यांतून निघालेल्या एक-दोन नामवंतांवरून ठरविणे योग्य नव्हे. शेकडो आरोहकांनी कधी हिमालय पाहिला नाही. आठवडाभर यंत्राच्या गतीने राबणाऱ्या त्या माणसांना दीड दिवस तरी आपल्या पावलांचा वेग स्वतः ठरविता येई आणि आपला जीव ज्याच्या हाती सोपवावयाचा तो माणूस स्वतः निवडता येई. रविवारी संध्याकाळी दोर गुंडाळला, की उरलेला पाव वाटून खाऊन ही मंडळी शेवटच्या बसकडे धावत. सोमवारी सकाळी ती पुन्हा कामावर हजर असत. सोललेल्या बोटांवरून तेवढी ओळखू येत.